दिव्यांची अवस

आमचे प्रतापनगर म्हणजे समुद्राशी काडीचाही संबंध नसलेले ठिकाण. येथे पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडला तो आगगाडीच्या शिट्टीचा आवाज. डभोईकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी आता इतिहासजमा झाली असून तिच्या जागी मोठ्या रुळांवरून केवडियाची गाडी धावते. भरतीओहोटी म्हणजे काय, हे येथल्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकातूनच कळायचे. असे असूनही वर्षातून एक दिवस आमच्या घरात समुद्र येऊन जाई. तो दिवस आषाढी अमावास्येचा, म्हणजे दिव्यांच्या अवसेचा.

त्या दिवशी आजी घरातल्या समया, निरांजने आणि लामणदिवा चिंचेने घासून लखलखीत करी, पाटावर मांडून त्यांची पूजा करी आणि कणकेचे गोड दिवे उकडी. तूप घालून ते दिवे आम्हां मुलांना खायला मिळत. त्यांतले तीन मात्र ती बाजूला काढी, तिन्हीसांजेला तुळशीपाशी लावी आणि ते विझेपर्यंत तेथून हलत नसे. दोन दिवे सारखे असत, तिसरा लहान असे. कारण विचारण्याची आमची प्राज्ञा नव्हती. एकदा वडिलांनी खालच्या आवाजात सांगितले, ‘थोरल्या काकांचे आहेत. रामदास बोटीत गेले ते.’

परवाच्या दिव्यांच्या अवसेला मी तीच पद्धत पाळली, तेव्हा माझ्या नातीने तो प्रश्न विचारला. तिला ‘टायटॅनिक’ची कथा मुखोद्गत आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ते जहाज हिमनगावर आदळले, आणि २ वाजून २० मिनिटांनी बुडाले. जहाजावर २२०० हून अधिक माणसे होती. जीवरक्षक नौका २० आणि त्यांत जागा ११७८ जणांपुरती. हे सारे तिने मला घडाघडा सांगितले आणि विचारले, ‘आजोबा, आपल्याकडे अशी बोट कधी बुडालीच नाही का?’

वाचकहो, बुडाल्या, आणि त्यांतली एक तर आपण जेथे अन्नपाणी खातो त्या गुजरातचीच. तिचे खरे नाव ‘वैतरणा’. स्कॉटलंडमधील ग्रँजमाऊथ येथे १८८५ साली ती बांधली गेली. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी कच्छ-काठेवाडच्या किनाऱ्यावर हे अप्रूपच. म्हणून लोकांनी तिला ‘वीजळी’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती मांडवीहून मुंबईस निघाली. दिवाळी नुकतीच सरली होती. बोटीवर लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईस मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थी होते. द्वारकेला आणखी उतारू चढले. हवा बिघडल्यामुळे ती पोरबंदरला थांबली नाही. संध्याकाळी मांगरोळच्या आसपास ती दिसली, असे सांगतात. त्यानंतर कोणालाही दिसली नाही. एक फळी नाही, एक प्रेत नाही. सातशेंहून अधिक माणसे तिच्याबरोबर नाहीशी झाली. पण ही संख्या कोणी ७०० सांगतो, कोणी ७४०, आणि लोकगीतांत तर ती तेराशेंपर्यंत चढते. हाजी कासमच्या वीजळीचे ते गीत झवेरचंद मेघाणींनी संग्रहित केले आणि ते आजही गुजराती बायकांच्या तोंडी आहे. आमच्या शेजारच्या कच्छी बेन ते गुणगुणत आणि आजी भिंतीपलीकडून ऐके. दोघींमध्ये त्याविषयी कधी शब्द झाल्याचे मला आठवत नाही.

दुसरी बोट आपली, ‘रामदास’. गुरुवार, १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला अवघे एकोणतीस दिवस उरले होते. कोकण किनाऱ्यावरील दूरच्या बंदरांची आगबोटवाहतूक पावसाळ्यात बंद असे. पण मुंबईहून समोरच्या रेवसला जाणारी बोट चालू राही. अंतर ते केवढे! तासदीड तासाचा प्रवास. मुंबईत नोकरीधंद्यासाठी राहिलेले कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडातले, चाकरमानी सणासाठी घरी निघाले होते. सकाळी बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटली. वारा पिसाट होता, पाऊस कोसळत होता. पाणी आत येऊ नये म्हणून ताडपत्र्या सोडल्या होत्या. काशाच्या खडकाजवळ एका प्रचंड लाटेने बोट कलली, भेदरलेले उतारू एका बाजूला धावले आणि त्या भाराने ती पार उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली.

जी वाचली त्यांतली कित्येक कोळी बांधवांनी वाचवली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या त्यांच्या होड्या त्या खवळलेल्या पाण्यात शिरल्या, आणि माणसे आत ओढून घेतली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. ‘टायटॅनिक’ने बिनतारी हाक दिली म्हणून ‘कार्पेथिया’ धावून आली आणि सातशेंवर माणसे वाचली. ‘रामदास’ मुंबईच्या जवळजवळ दारात उलटली, तरी दिवस बराच वर येईपर्यंत शहराला पत्ता नव्हता. पुढे कित्येक दिवस अलिबागच्या किनाऱ्यांवर प्रेते लागत राहिली.

नातीने विचारले, ‘नक्की किती माणसे होती?’ मी निरुत्तर झालो. कोठे ६२५ वाचले आहे, कोठे ६६९, कोठे ७०० च्या आसपास. दोन आकड्यांतली वजाबाकी करून पाहा. जी उरतात ती माणसेच ना? चाळीस-पन्नास जीव केवळ वजाबाकीत राहिले.

असे का झाले, याचे कारण दगदग न करता सापडते. ‘टायटॅनिक’चाही आकडा काटेकोर नाही, पाचपंचवीसांचा घोळ तेथेही आहे. परंतु तेथे यादी होती. महासागर ओलांडणाऱ्या उतारूचे नाव, वय, धंदा सारे लिहून घेतले जाई. तिसऱ्या वर्गाचा गरीब उतारू आणि कोळसा भरणारा खलाशीदेखील यादीत असे. रेवसच्या धक्क्यावर उतरणाऱ्याचे नाव कोण लिहिणार? त्याच्या हाती तिकीट होते, तिकिटावर नाव नव्हते. कडेवरच्या मुलाला तर तिकीटही नसे.

‘टायटॅनिक’वरील एका बालकाची हकीगत येथे सांगावीशी वाटते. प्रेते शोधावयास गेलेल्या ‘मॅके-बेनेट’ जहाजाच्या खलाशांना समुद्रात एक लहान मूल सापडले. ते कोणाचे, हे समजेना. खलाशांनी स्वतःच्या पैशांनी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे त्याची कबर बांधली आणि तिच्यावर ‘अज्ञात बालक’ असे कोरले. ती दशकानुदशके तशीच राहिली. अखेर २००७ साली, पंचाण्णव वर्षांनंतर, वैज्ञानिक कसोट्यांनी ते मूल सिडनी गुडविन नावाचे एकोणीस महिन्यांचे बाळ असल्याचे ठरले. एका तान्ह्या मुलाला त्याचे नाव परत मिळावे म्हणून जगाने इतका खटाटोप केला. त्या जगाचा मला हेवा वाटला, हे कबूल करतो.

तो हेवा मनात घेऊनच मी आमच्या घराण्याची वंशावळीची वही काढली. लाल कापडात बांधलेली ही वही आजोबा कोकणातून बडोद्यास आले तेव्हा बरोबर आली. काकांच्या नावापुढे वडिलांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे : ‘रामदास बोट, १९४७. पत्नी व एक अपत्य सह.’

एवढेच! काकूचे नाव नाही. अपत्य मुलगा की मुलगी, हेही नाही. वडील निष्काळजी नव्हते. वहीची पद्धतच तशी. सुना आणि लहान मुले तिच्यात ‘पत्नी’ आणि ‘अपत्य’ म्हणूनच येतात. सरकारी यादी नव्हती असे आपण हळहळून म्हणतो, तथापि घरची यादी तर आपल्याच हाती होती! आजीला ती दोन्ही नावे ठाऊक होती. दरवर्षी तुळशीपाशी ती मनात त्यांचा उच्चार करीत असली पाहिजे. ती १९७८ साली गेली, तेव्हा मी चांगला कळता होतो. मी विचारले नाही.

अलिबागकडच्या एका वृद्ध आत्याबाईंना मी दूरध्वनी केला. वय नव्वदीच्या घरात, कान अधू, परंतु स्मृती लख्ख. काकूचे नाव विचारताच त्यांनी ते क्षणात सांगितले. वर हेही सांगितले, की तिचा गळा गोड होता आणि तिला पाण्याची भीती वाटे. मुलगी होती, सात-आठ महिन्यांची. ‘बारसे झाले होते हो, मी पाळण्याची दोरी ओढली होती. पण नाव... नाव नाही आठवत रे बाळा.’ आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

काकूचे नाव मी वहीत लिहिले. त्याखाली ‘कन्या’ असे लिहून पुढे जागा मोकळी सोडली आहे. ती भरली जाईल, असे मला वाटत नाही. पण ती जागा आहे, हे वहीत दिसले पाहिजे.

वाचक बंधुभगिनींनो, आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. कुलदैवत, गोत्र, मूळ गाव आपण जपून ठेवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपापल्या घरची वही एकदा उघडून पाहावी. जेथे ‘पत्नी’ आणि ‘अपत्य’ असे शब्द दिसतील तेथे नावे घालावीत. आणि ती सांगू शकणारे माणूस अजून घरात बसले असेल, तर आजच विचारावे. आमच्याकडे येत्या दिव्यांच्या अवसेला तुळशीपाशी तीनच दिवे लागतील. लहान दिवा आता माझी नात लावणार आहे.