मोत्याचीही बदली

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, त्या काळी बदली म्हटली की मुंबई नाही तर दिल्ली डोळ्यांपुढे येई. आता चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना चालू आहे आणि चिंचवड-निगडीच्या कित्येक घरांत वोल्फ्सबुर्गचे नाव भोसरीइतक्या सहज निघते. तीन वर्षांसाठी जर्मनीला जायचे ठरते. यजमानांचा व्हिसा होतो, बाईंचा होतो, मुलांच्या शाळेची चौकशी होते, आणि मग एखाद्या रात्री जेवताना धाकटी विचारते, "मोत्याचं तिकीट काढलं का?"

हा प्रश्न बहुधा फार उशिरा येतो. माणसाचे कागद दोन महिन्यांत होतील. कुत्र्याचे चार महिन्यांच्या आत होत नाहीत, कितीही ओळखी काढा! आपल्याकडे रेबीज अजून आहे. जर्मनीने तो जंगलातल्या कोल्ह्यांना लसीची आमिषे खाऊ घालून हटवला आणि २००८ साली तो देश त्यातून मुक्त ठरला. तेव्हा त्यांनी दारात कसून चौकशी केली तर राग मानण्याचे कारण नाही.

क्रम असा. आधी मानेच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवायची आणि नंतर, किंवा त्याच दिवशी, रेबीजची लस. लस आधी आणि चिप मागाहून असे झाले असेल तर ती लस हिशेबात धरत नाहीत. आपल्याकडची बहुतेक कुत्री नेमकी इथेच अडतात, कारण लसीची वही असते, चिप नसते. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. प्रतिद्रव्याचे प्रमाण ०.५ किंवा त्याहून अधिक भरले पाहिजे. तरीही, रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचेच. लस घेण्याआधीच रोगाची लागण झाली असेल, तर ती एवढ्या काळात बहुधा बाहेर पडते, म्हणून हा मुक्काम. पुढे लस वेळच्या वेळी टोचत राहिले तर ही रक्ततपासणी जन्माला पुरते. एक तारीख चुकली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आमचे सांगणे, परदेशाची नुसती कुणकुण लागली तरी चिप, लस आणि तपासणी उरकून टाकावी. बदली रद्द झाली तर काय बिघडले?

शेवटी प्रवासाआधी दहा दिवसांच्या आतला सरकारी आरोग्यदाखला, तो मुंबईच्या प्राणी विलगीकरण कार्यालयातून. मांजरालाही हेच सारे. पिंजरा मात्र महिनाभर आधी दिवाणखान्यात आणून ठेवा आणि जेवण त्यातच द्या. विमानतळावर तो प्रथमच दिसला तर मोत्या भेदरून जाईल. गुंगीचे औषध देण्याचा मोह टाळावा. हचच्या २००३ च्या जाहिरातीनंतर घरोघर आलेल्या पगासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना विमानाच्या मालखान्यात श्वास पुरत नाही. अनेक विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत. हे आधी विचारून घ्या.

तिकडे पोचल्यावर नवल वाटते. कुत्रा गाडीत बसतो, उपाहारगृहात टेबलाखाली पडून राहतो, कोणी हाकलत नाही. घरमालकाने भाडेकरारात सरसकट "कुत्रा-मांजर नको" म्हटले तर ती अट चालत नाही, असा तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. अर्थात शेजाऱ्यांच्या त्रासाचा विचार होतोच. पण हे कौतुक फुकटचे नव्हे. कुत्र्यावर गावाचा वार्षिक कर असतो. वोल्फ्सबुर्ग ज्या प्रांतात आहे त्या लोअर सॅक्सनीत चिप आणि विमा तर सक्तीचाच, शिवाय २०१३ पासून परीक्षा द्यावी लागते. कुत्र्याने नव्हे, मालकाने! गेल्या दहा वर्षांत सलग दोन वर्षे कुत्रा पाळल्याचा पुरावा दाखवला तर सूट मिळते. तेव्हा ती जुनी लसीची वही रद्दीत घालू नका. गच्चीवर बांधून ठेवलेल्या आणि जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणाऱ्या कुत्र्याला मात्र त्या शहरात जड जाईल. त्याला इथेच, निघण्याआधी, पट्ट्याने चालायला शिकवा.

आणि मोत्या बारा-तेरा वर्षांचा असला तर? नेऊ नये, असे आम्हाला वाटते. आजोबा चिंचवडला असतील, त्यांना फिरायला सोबत होईल. पण 'रखवालदार बघेल' म्हणून सोसायटीच्या फाटकाशी सोडणे, किंवा गाडीत घालून एमआयडीसीच्या रस्त्यावर उतरवणे, याला सोय म्हणू नये. घरात वाढलेल्या कुत्र्याला तिथली टोळी आठवडाभरही जगू देत नाही. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही आहे. धाकटीला 'शेतावर पाठवला' म्हणून सांगितले जाते, आणि ती सगळे ओळखून गप्प बसते.

न्यायचा ठरला तर तिकडे गेल्यावर त्याच्याशी मराठीतच बोला. शेजारची कुत्री 'सिट्झ' ऐकून बसतील, तुमचा 'बस' ऐकून बसेल. पहिल्या हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो, मुले शाळेत असतात, तेव्हा बाईंना दिवसभर मराठी बोलायला तेवढा एकच जण असतो.