पाठीवरच्या मुरुमांना ‘ती’ ट्यूब लावू नका!

लग्नसराई जवळ आली की पाठ दाखवायला येणाऱ्या मुलींची संख्या वाढते. मागून खोल गळ्याचा ब्लाउज शिवायला टाकलेला असतो आणि आरशात पाठ बघून धक्का बसलेला असतो. मुलगे येतात ते जिम किंवा भरतीचा सराव सुरू झाल्यावर. दोघांच्याही पिशवीतून बहुतेक वेळा अर्धी पिळलेली एक ट्यूब निघते. "मेडिकलवाल्याने दिली, डॉक्टर. पहिले आठ दिवस एकदम मस्त वाटलं."

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं एकदा वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन, सोबत निओमायसिन किंवा जेंटामायसिन, वर मायकोनॅझोल. म्हणजे एक स्टिरॉइड, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीनाशक. काय झालंय ते बघायचंच नाही, तीनपैकी काहीतरी लागू पडेल, हा त्यामागचा विचार. गजकर्ण, खरूज, घामोळं, मुरुम, सगळ्याला एकच ट्यूब!

पहिले आठ दिवस मस्त का वाटतं? स्टिरॉइडमुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि सूज उतरते. पण मुरुम होतो तो केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र तेलाने आणि मृत पेशींनी बुजल्यामुळे. ते छिद्र स्टिरॉइडने उघडत नाही. उलट काही आठवड्यांत एकसारख्या दिसणाऱ्या नव्या पुटकुळ्यांचं पीक येतं. याला आम्ही स्टिरॉइड अ‍ॅक्ने म्हणतो. ट्यूब बंद केली की सगळं उसळतं, म्हणून तुम्ही पुन्हा लावता. महिनोनमहिने हे चाललं की त्वचा पातळ होते आणि ताणल्यासारखे पट्टे उमटतात. मुरुम बरे होतात हो, हे पट्टे पूर्ण जात नाहीत.

2018 साली केंद्र सरकारने यातली 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तुमच्या गल्लीतल्या दुकानात आज संध्याकाळी जाऊन मागून बघा. (बघा म्हणजे विकत घेऊ नका!)

पण सगळा राग मेडिकलवाल्यावर काढणं सोपं आहे. आमची जनरल प्रॅक्टिसवाल्यांची जमातही यात सामील आहे. बाहेर तीस पेशंट बसलेले असताना शर्ट काढायला लावून उजेडात पाठ बघायला पाच मिनिटं जातात, ट्यूबचं नाव लिहायला पाच सेकंद. सुरुवातीच्या काळात मीही ते लिहिलेलं आहे.

आणि पाठ बघावीच लागते, कारण पाठीवर उठलेलं सगळंच मुरुम नसतं. सारख्या आकाराच्या, बारीक, खूप खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील, घामाने वाढत असतील, तर मॅलासेझिया नावाच्या यीस्टची शंका घ्यावी लागते. त्याला अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या तर ते आणखी वाढतं. तिथे बुरशीविरोधी औषधच हवं. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओएसचा विचार करायला हवा. आणि जिमवाल्या मुलांनो, व्हे प्रोटीनने काहींचे मुरुम वाढतात, पण ‘कटिंग’साठी कोणी इंजेक्शन दिलं असेल तर ते डॉक्टरपासून लपवू नका. आईला बाहेर बसवून मी हा प्रश्न विचारतोच.

मग खऱ्या मुरुमांना काय करायचं? बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश आंघोळीच्या वेळी पाठीला लावून दोन ते पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. रंगीत टॉवेल आणि शर्टाचा रंग त्याने उडतो, म्हणून पांढरा टॉवेल ठेवा. रात्री अ‍ॅडापलीन जेल. सुरुवातीला जळजळतं, एक दिवसाआड लावा. गर्भवती असाल तर हे जेल नको. घाम आला की कपडे बदला. केसांचा कंडिशनर धुऊन झाल्यावर पाठ शेवटी धुवा. घासणीने खसाखसा घासू नका. मुरुम म्हणजे मळ नव्हे. रक्त खराब झाल्यामुळेही ते होत नाहीत, तेव्हा रक्तशुद्धीच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. इथेच लोकांचा धीर सुटतो आणि आठ दिवसांत ‘मस्त’ करणारी ट्यूब परत घरात येते. लग्न महिन्यावर आलं असेल तर मी स्पष्ट सांगतो, तोपर्यंत पाठ पूर्ण साफ होणार नाही, ब्लाउजचा गळा थोडा वर घ्या.

मोठ्या, दुखणाऱ्या गाठी असतील, खड्डे पडत असतील तर वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तिथे आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. औषध फार चांगलं, पण गर्भाला भयंकर घातक. गोळ्या चालू असताना आणि नंतर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये. लग्न ठरलेल्या मुलीने लाज न बाळगता तारीख सांगावी.

ती ट्यूब महिनोनमहिने लावत असाल तर ती सोडल्यावर काही आठवडे पाठ जास्तच खराब दिसेल. घाबरून परत लावू नका, डॉक्टरांना दाखवा. जाताना ट्यूब बरोबर न्या, रिकामी असली तरी. ‘पांढरी होती, निळ्या झाकणाची’ एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.