सहनशीलतेचा उपदेश कोणाला?

हल्ली स्टोइक तत्त्वज्ञानाला पुन्हा भाव आला आहे. कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची शिबिरे भरतात, तेथे एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस यांची नावे आदराने घेतली जातात आणि सांगितले जाते की, जे आपल्या हाती नाही त्याविषयी कुरकुर करू नये. पगार आपल्या हाती नाही, कामाचे तास आपल्या हाती नाहीत. हाती आहे ते केवळ आपले मन. हे ऐकून आमचे डावे मित्र म्हणतात, पाहा, गुलामाला गप्प निजविण्याची ही अफूची गोळी! या दोघांनीही पुस्तक अर्धेच वाचले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही स्वतः या दोषातून मुक्त नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाशेजारचा एक कारखाना रातोरात बंद झाला. फाटकाबाहेर बसलेल्या कामगारांपुढे आम्ही अंतःकरणाच्या शांतीवर प्रवचन केले. सेमिनरीत शिकलेला एपिक्टेटस त्यात होताच. (त्याच्या छोट्या पुस्तिकेवर आपला हक्क जुना आहे. प्राचीन मठवासीयांनी ती थोडे फेरफार करून वापरली आणि एका प्रतीत तर सॉक्रेटिसच्या जागी संत पौलाचे नाव घातले!) प्रवचन संपल्यावर एक वयस्कर कामगार उठला आणि शांतपणे म्हणाला, "फादर, हेच मालकाच्या बंगल्यावर कधी सांगणार?"

या प्रश्नाने आम्हांस पुन्हा ग्रंथांकडे नेले.

एपिक्टेटस जन्माने गुलाम. पुढे मुक्त होऊन तो रोममध्ये शिकवू लागला, तेव्हा सम्राट डोमिशियनने तत्त्ववेत्त्यांना हद्दपार केले आणि त्याला निकोपोलिस येथे जाऊन शाळा काढावी लागली. निव्वळ गप्प बसण्याचे शिक्षण देणाऱ्याला कोणता सम्राट हद्दपार करील? मात्र डाव्यांचा आक्षेप आम्ही झटकून टाकणार नाही. गुलामगिरी मोडून टाका, असे एपिक्टेटस कोठेही सांगत नाही. सेनेकाने गुलामांना माणूस म्हणून वागवा असे लिहिले, पण तो स्वतः रोममधील गडगंज श्रीमंतांपैकी एक होता आणि त्याच्या पदरी गुलाम होते. हे डाग पुसता येणार नाहीत.

परंतु या पंथाची दुसरीही एक वाट आहे आणि तिच्याविषयी शिबिरांत कोणी बोलत नाही. स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस याने इ. स. पूर्व २२७ मध्ये कर्जे रद्द केली आणि जमिनी वाटल्या; त्याच्या मदतीस स्फेरस नावाचा स्टोइक होता. त्यानंतर सुमारे शतकाने रोममध्ये टायबेरियस ग्रॅकस उभा राहिला. सार्वजनिक जमिनीपैकी पाचशे युगेरांहून, म्हणजे सुमारे ३०० एकरांहून अधिक कोणी बळकावू नये आणि उरलेली भूमिहीनांस वाटावी, असा त्याचा कायदा. (आपल्या राज्यात १९६१ साली कमाल जमीन धारणेचा कायदा झाला, तेव्हा झालेली ओरड ज्यांना आठवते त्यांना रोममधील ओरड समजावून सांगण्याची गरज नाही.) या टायबेरियसचा सल्लागार होता क्युमे गावचा स्टोइक ब्लॉसियस. त्याचा स्नेही अँटिपेटर हा तार्ससचा, संत पौलाच्याच नगरातला.

इ. स. पूर्व १३३ मध्ये सिनेटमधील नासिकाच्या पुढाकाराने जमाव चालून गेला. टायबेरियस आणि त्याचे तीनशेहून अधिक साथी काठ्यादगडांनी ठेचले गेले. प्रेते टायबर नदीत फेकली गेली. मग ब्लॉसियसला चौकशीसाठी उभे केले. तो म्हणाला, मी सर्व काही टायबेरियसच्या सांगण्यावरून केले. तेव्हा नासिकाने विचारले, त्याने कॅपिटॉल जाळायला सांगितले असते तर? ब्लॉसियस प्रथम म्हणाला, तसे त्याने कधीच सांगितले नसते. प्रश्न पुनःपुन्हा आला तेव्हा मात्र तो म्हणाला, त्याने सांगितले असते तर मीही ते केले असते, कारण जनतेच्या हिताचे नसते तर त्याने सांगितलेच नसते.

सिसेरोने या उत्तरावर कडाडून टीका केली आहे. सिसेरो जमीनदारांचा वकील आणि प्रश्न विचारणाऱ्या नासिकाचे हात तर तीनशे माणसांच्या रक्ताने भरलेले. तरीही आम्ही म्हणतो की, ब्लॉसियस चुकला, आणि त्याच्याच तत्त्वज्ञानाच्या कसोटीवर चुकला. माणसाचे शरीर, मालमत्ता, कीर्ती सारे दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. आपला विवेक तेवढा आपला, हा स्टोइकांचा पाया. तोच ब्लॉसियसने पुढाऱ्याच्या पायाशी ठेवला. पहिल्या उत्तरानंतर त्याने एवढेच म्हणायला हवे होते की, सांगितले असते तर मी नकार दिला असता. अन्यायी सत्तेपुढे वाकू नये, हे आमच्या डाव्या मित्रांना कोणी शिकविण्याची गरज नाही. पण पक्षाच्या समितीपुढे किती जण ताठ उभे राहतात? विसाव्या शतकात पक्ष चुकत नाही असे म्हणत किती निष्ठावंतांनी आपल्याच सोबत्यांवरील खोट्या आरोपपत्रांना माना डोलावल्या! १९३६ ते १९३८ मधील मॉस्कोचे खटले आठवावेत.

या पंथात धनुर्धराचा एक दृष्टांत आहे. नेम साधण्यासाठी जे करता येईल ते सर्व त्याने करावे. बाण सुटल्यावर वारा त्याच्या हाती नाही. यात धनुष्य खाली ठेवा असे कोठे आले? इतिहासाच्या नियमाने विजय आपलाच, असे मानणारा कार्यकर्ता एका पराभवाने मोडून पडतो, नाहीतर विजयासाठी वाटेल ते करायला तयार होतो. नेम चुकू शकतो हे मान्य करून जो उभा राहतो, त्याला मोडणेही कठीण आणि विकत घेणेही कठीण.

ब्लॉसियस पुढे आशियात गेला. तेथे परगामम राज्यात ॲरिस्टोनिकस गरिबांना आणि गुलामांना घेऊन रोमशी लढत होता. त्यांनी स्वतःला सूर्यनगरीचे नागरिक असे नाव घेतले होते. तो लढा हरला, तेव्हा ब्लॉसियसने स्वतःचा जीव घेतला. म्हाताऱ्या सल्लागाराला घरी परतून शांतीवर ग्रंथ लिहिता आला असता. तो गेला, हे आम्ही त्याच्या बाजूने मोजतो.

त्या कामगाराला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. पुढच्या आठवड्यात मालकाच्या बंगल्यावर गेलो. चहा मिळाला. फाटक उघडले नाही. परत येऊन कामगारांना तसे सांगितले आणि त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर बसलो. त्या दिवशी प्रवचन केले नाही.