चांद्याचा कोट

इटलींतील सान जिमिन्यानो या लहानशा गांवीं एके काळीं सुमारें ७२ मनोरे होते. आज १४ उरले आहेत. शेजाऱ्याहून आपला मनोरा उंच असावा, अशी तेथील श्रीमंत घराण्यांची अहमहमिका! (भाऊबंदकी कांहीं आपल्याकडेच नाहीं.)

रेल्वेनें वाढविलेल्या आमच्या गोंदियाला कोट नाहीं. परंतु येथून नागभीडमार्गें चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, उतरावें म्हणजे निराळाच प्रकार दिसतो. गोंड राजांनीं बुरूज बांधिले ते कोणा एका घराण्यासाठीं नव्हेत, अवघ्या गांवाभोंवतीं. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चारही वेशी अद्याप उभ्या आहेत. तेथील हत्तीवर झेपावलेला सिंह मुलांना अवश्य दाखवावा.

राजवाड्याचें दैव मात्र फिरलें. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं चांदा घेतलें, व पुढें वाड्याचा तुरुंग झाला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं बाबूराव शेडमाके यांस तेथेंच फांशीं दिलें. तुरुंग अजून आहेच. तेव्हां वाडा बाहेरूनच पाहावा लागतो.

तटावर माजलेलें रान २०१७ सालापासून ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनीं महिनोन्‌महिने श्रमून काढलें. आतां बुरुजांवरून मुलाबाळांसह फिरतां येतें. सकाळीं लवकर जावें. चांद्याचें ऊन फार.