तौबा एकट्याची, आधार सगळ्यांचा

तरावीहची नमाज संपली की आमच्या मालेगावात खरी वर्दळ सुरू होते. शेवया-खजुराची दुकाने, चहाच्या टपऱ्या, कपड्यांचा बाजार. सहेरीपर्यंत शहर जागे असते. याच जागरणात काही पोरे गल्लीच्या अंधाऱ्या टोकाला घुटमळताना दिसतात. ‘कुत्ता गोली’ म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. खरे तर ते घबराटीच्या आजारावरचे औषध, अल्प्राझोलम. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, तरी चोरवाटेने मुलांच्या हाती पडते.

मागच्या रमजानमध्ये एक आई माझ्याकडे आली. मुलगा अकरावीत. “सर, चांद दिसला त्या रात्री त्याने कसम खाल्ली, गोळ्या बंद. तिसऱ्या रोज्याला झटके आले.” घरच्यांना वाटले, पोराला रोजा सोसला नाही. डॉक्टरांनी कारण सांगितले: रोजची गोळी एकाएकी थांबवली की असे झटके येतात, जीवही जाऊ शकतो. ती हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायची असते.

मुलाचा इरादा खोटा नव्हता. तो एकटा होता. घराने शेजाऱ्यांपासून लपवले, कारण थोरल्या बहिणीचे लग्न ठरत होते. आपण एका सफीत खांद्याला खांदा लावून उभे राहतो आणि अशा मुलाला मात्र सफीबाहेर ठेवतो. शराबबंदीचा हुकूमही एका दिवसात आला नव्हता, हे मदरशातला मुलगाही सांगेल. सूरह बकरा, मग निसा, शेवटी माइदा अशा पायऱ्यांनी समाज तयार केला गेला. मग सोळा वर्षांच्या पोराकडून एका रात्रीत सगळे सुटावे, ही अपेक्षा आपण कशी धरतो?

डॉक्टर शरीरातली गोळी उतरवतील. पुन्हा तीच गल्ली, तेच मित्र समोर आले की काय करायचे, हे शिकायला गट-समुपदेशन उपयोगी पडते. आठ-दहा मुले, एक प्रशिक्षित समुपदेशक, आठवड्याचा ठरलेला वार. इथले बोलणे बाहेर न्यायचे नाही, हा पहिला नियम. “तलब मलाही येते” हे बापाच्या तोंडून नव्हे, बरोबरीच्या मुलाच्या तोंडून ऐकले की मुलगा तोंड उघडतो. मित्राने गोळी पुढे केली तर नकार कसा द्यायचा, याचा तिथे सराव होतो. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने उपचारात एकत्र बसून बोलण्याला मोठे स्थान दिले, ते यासाठीच.

एक इशाराही हवा. बिघडलेली मुले नुसती एकत्र बसवली की गट सुधारतो असे नाही. थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील अभ्यासातून दाखवले की अशा गटात मुले एकमेकांच्या खोड्यांना दाद देतात आणि उलट अधिक बिघडू शकतात. म्हणून सूत्रे जाणत्या समुपदेशकाच्या हाती हवीत, काही काळ नशेपासून दूर राहिलेली मुले गटात हवीत आणि आईवडिलांची बैठक वेगळी हवी. केवळ बयान करून भागणार नाही.

कुणी म्हणेल, पोलिसांनी विक्रेते पकडावेत, प्रश्न मिटेल. जरूर पकडावेत. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पण विक्रेता तुरुंगात गेला तरी तलब घरातच राहते.

म्हणून एक विनंती. मोहल्ल्यातल्या शाळेची किंवा जमातखान्याची एक खोली दर रविवारी दोन तास या कामाला द्या. जो गरीब मुलगा जकातीचा हकदार आहे, त्याच्या उपचाराला जकात द्या. तोवर १४४४६ हा सरकारी मोफत मदत क्रमांक घराघरात लिहून ठेवा.

तो मुलगा आता बरा आहे. त्याने मला विचारले, “सर, माझ्यासारखे अजून कोण आहेत? मला त्यांच्याशी बोलायचे आहे.” त्याला बसायला जागा आपण द्यायची आहे. ईदच्या गळाभेटीपर्यंत थांबायचे कशाला?