नामिबियातील वन्यजीव आणि त्यांचे राखणदार

मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी आठ चित्ते आणले गेले, तेव्हा नामिबिया या दूरच्या आफ्रिकी देशाचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले. त्या देशातील बहुसंख्य चित्ते राखीव उद्यानांत नव्हे, तर शेतकऱ्यांच्या व पशुपालकांच्या भूमीवर वावरतात, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगितली नाही.

वसाहतकाळात तेथील गोऱ्या जमीनमालकांना आपल्या शेतावरील वन्यप्राण्यांपासून लाभ घेण्याचा हक्क मिळाला होता. काळ्या समाजाच्या वाट्याला आली ती केवळ नासधूस. त्यांनी हरिण मारले की तो गुन्हा ठरे. १९८० च्या सुमारास दुष्काळ आणि चोरट्या शिकारीमुळे वायव्य भागातील हत्ती व काळे गेंडे झपाट्याने घटले. तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ यांनी गावप्रमुखांना भेटून गावातीलच माणसे राखणदार म्हणून नेमण्याचा मार्ग शोधला. त्यांतील काही जण पूर्वी स्वतःच शिकारी होते! प्राण्यांचा माग त्यांच्याइतका कोणाला कळणार?

१९९० साली देश स्वतंत्र झाला. १९९६ च्या कायद्याने सामुदायिक जमिनीवरील रहिवाशांनाही तो हक्क मिळाला आणि १९९८ मध्ये पहिली चार ग्रामसंवर्धन क्षेत्रे नोंदली गेली. आज त्यांची संख्या ऐंशीच्या पुढे असून देशाची सुमारे एक पंचमांश भूमी त्यांत सामावली आहे.

नामिबियातील बहुसंख्य जनता ख्रिस्ती आहे, त्यातही लुथरन अधिक. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर मानवाला एदेन बागेची मशागत व राखण सोपवतो. तेथे मशागत करणारा एक आणि राखण करणारा दुसरा, अशी विभागणी नाही. जे काम लहान समुदाय करू शकतो ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, हे तत्त्व पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये मांडले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात मूळनिवासी समाजांना त्यांच्या भूमीविषयीच्या संवादात अग्रस्थान दिले.

अर्थात सारेच आलबेल नाही. या क्षेत्रांचे उत्पन्न पर्यटनाबरोबरच परवानाधारक शिकारीवरही अवलंबून आहे. हौसेखातर केलेली शिकार आमच्या मनाला खुपते. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. परंतु हत्तींनी एका रात्रीत तुडवलेले शेत ज्याचे आहे, त्याला वसईत किंवा मुंबईत बसून उपदेश करणे सोपे आहे. २०२० मध्ये महामारीने पर्यटक थांबले आणि राखणदारांच्या वेतनाचा प्रश्न उभा राहिला. २०२४ च्या दुष्काळात सरकारने ८३ हत्तींसह ७२३ प्राणी मारून मांस भुकेल्यांना वाटण्याचा निर्णय घेतला, तेव्हा जगभरातून टीका झाली. टीकाकारांपैकी उपाशी किती होते, हे आम्हांस ठाऊक नाही.

आता पुन्हा कुनोकडे. गीरच्या सिंहांना दुसरे घर मिळावे म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील २४ गावे उठवली गेली. त्यांत बहुसंख्य सहारिया आदिवासी होते. सिंह अद्याप आलेले नाहीत. ज्या नामिबियाने चित्ते दिले, तेथे ते माणसांच्या शेजारी वाढले होते. आपण त्यांना ठेवले ते माणसे हलवून रिकाम्या केलेल्या रानात.