भिजा, पण सांगून जा

आषाढ लागला की कॉलेजात जाणारी मुले असलेल्या प्रत्येक घरात एक वाद ठरलेला. मुले म्हणतात, "मित्रमंडळी केळव्याला चाललीत, आम्हीही जातो." आईबाप म्हणतात, "पावसापाण्याचं समुद्रावर कशाला मरायला जाता?" गेल्या जुलैत हा वाद आमच्याही घरी झाला. आमची थोरली बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. वर्गातल्या मैत्रिणींबरोबर तिला केळव्याला जायचे होते. आमच्या सौ.नी एका वाक्यात निकाल दिला, "मुलीच्या जातीला हे धंदे नकोत." थोरलीने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. कारण आमचे स्वतःचे एक जुने प्रकरण आम्हाला आठवले होते.

ते प्रकरण १९९९ सालच्या जुलैतले. आम्हीही तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडील बोईसरच्या कारखान्यात हंगामी कामगार. राहायला पत्र्याची खोली. पाऊस सुरू झाला की घरात जितकी पातेली तितक्या जागी ती मांडायची आणि कोरडा कोपरा पाहून पुस्तके ठेवायची. वह्या दुधाच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या. कॉलेजची पँट एकच, ती रात्री चुलीवरच्या दोरीवर वाळायची आणि सकाळी तिला धुराचा वास यायचा. पाऊस म्हणजे मौज, हे आम्ही फक्त सिनेमात पाहिले होते.

विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती २०१३ साली. आमच्या वेळी शटल. बोईसरहून पालघरला कॉलेजात जायचे तर मध्ये उमरोळी, मग पालघर. त्या दिवशी पाऊस असा काही लागला होता की पालघर आले तरी आमच्या चौघांच्या टोळीतले कुणीच उठेना. गाडी सुटली आणि पुढच्या केळवे रोडला आम्ही उतरलो. ठरवले कुणी नव्हते, पण मनात सगळ्यांच्या होते.

स्टेशन एकीकडे आणि गाव लांब समुद्राकाठी. थोडे चाललो, थोडे टेम्पोत उभे राहून गेलो. दोन्ही बाजूंना भाताची आवणी चाललेली, चिखलात वाकलेल्या बायांच्या पाठीवर इरली. पुढे पानवेलींच्या वाड्या, मग सुरूचे बन, आणि त्यापलीकडे तो करडा, फेसाळलेला समुद्र. दोन चहा चौघांत प्यालो. एक भाजलेले कणीस चौघांत फिरवले. त्या दिवशी पावसात भिजताना पहिल्यांदाच पुस्तकांची, पँटची, गळक्या पत्र्याची काळजी वाटली नाही. वाचकहो, ती दोन तास आम्ही अजून विसरलो नाही. गरिबाच्या पोरालाही पाऊस अंगावर घेण्याचा हक्क आहे, असे आम्ही आजही मानतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. आम्ही गुडघाभर पाण्यात उतरलो. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. आमच्यातला एक कोलमडला आणि बघता बघता दहा-बारा हात आत गेला. आम्ही नुसते ओरडत राहिलो. सुरूखाली जाळे विणत बसलेला एक वयस्क कोळी धावत आला. त्याने दोर फेकला. पहिल्यांदा हुकला, दुसऱ्यांदा मित्राच्या हाती लागला.

मित्र वाळूवर पडून खोकत होता. म्हाताऱ्याने आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. एवढेच विचारले, "घर कुठं तुमचं? घरी ठाऊक आहे, इथं आलात ते?" चौघांपैकी एकानेही उत्तर दिले नाही. तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पोरगं गेलं असतं तर निरोप द्यायला कुणाच्या दारात जायचं, तेही आम्हाला कळलं नसतं."

घरी येऊन आम्ही खोटे बोललो. पालघरला छत्री मिळाली नाही, भिजलो, असे सांगितले. आईने पँट पिळून झटकली तर पायाच्या दुमडीतून वाळू पडली. आई काही बोलली नाही, तिने वाळू झाडून बाहेर टाकली. रात्री जेवताना फक्त म्हणाली, "जायचं तर सांगून जात जा."

हे सगळे आम्ही गेल्या जुलैत थोरलीसमोर प्रथमच सांगितले. सौ.ही ऐकत होत्या. मग आम्ही म्हणालो, "मुलगे न विचारता जातात आणि मुलगी विचारते म्हणून तिला नाही म्हणायचे, हा कुठला न्याय? आज नाही म्हटले तर उद्या तीही न सांगता जाईल." पोर कुठे आहे हे घराला ठाऊक नसणे, हे समुद्राइतकेच घातक आहे.

परवानगी दिली, पण आधी धडा दिला. तो वाचकांच्या घरीही उपयोगी पडेल.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीचा अंदाज काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आगेमागे समुद्र भरलेला, आणि त्यातच उधाण. गटारी अमावास्येला टोळकी दारू घेऊन किनाऱ्यावर पोचतात ती नेमकी याच वेळेला! हिशेब अंदाजाचाच आहे, म्हणून नेमकी वेळ गावातल्या कोळ्याला विचारावी. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते होड्या वर ओढून ठेवतात, तिथे आपण पाण्यात उतरण्याचे कारण नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर मनाई आदेश असेल तर तो मुकाट्याने पाळावा.

पाण्याने ओढलेच तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकावे, ओढ तिथे कमी होते. दुसरा बुडताना दिसला तर मागोमाग उडी टाकू नये. दोर, ओढणी, रिकामा डबा, जे मिळेल ते फेकावे आणि हाका मारून माणसे जमवावीत.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. मार्च २०२२ मध्ये आपल्या केळव्याच्या किनाऱ्यावर चौघांचा जीव गेला, त्यांत नाशिकहून आलेले विद्यार्थी होते. या दोन्ही वेळी पावसाळा नव्हता. उघडिपीतला समुद्र असा, तर आषाढातल्या समुद्राचे काय सांगावे? एकेका घरातला पहिलाच शिकणारा मुलगा, पहिलीच शिकणारी मुलगी. त्यामागे आईबापांची किती वर्षांची मजुरी असते, ते आपण जाणतो.

थोरली गेली. जाताना कोण कोण बरोबर आहे आणि परतीची गाडी कोणती, ते कागदावर लिहून ठेवून गेली. सौ. दिवसभर दाराशी घुटमळत होत्या. संध्याकाळी सातला पोर चिंब भिजून परतली. "वाळूवरूनच पाहिला समुद्र, पाण्यात पाय नाही घातला," असे आपणहून म्हणाली. पायरीवर चपला झटकल्या तर वाळू पडली. ती मात्र कुणाला लपवावी लागली नाही.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे, मुलांचा पाऊस हिरावू नका. आणि मुलांनो, मनसोक्त भिजा, पण सांगून जा. तुमच्या वाटेकडे डोळे लावून कुणीतरी बसलेले असते.